सायकलने ऑफिस : काटा फारसा हलत नाही, कंबर मात्र उतरते. तुमचा अनुभव काय?

कर्वेपुतळा :
नमस्कार मंडळी.

गेल्या दिवाळीपासून ऑफिसला सायकलने जातोय. कोथरूड ते येरवडा, एका बाजूने साधारण अकरा किलोमीटर. सकाळी कर्वे रोडने डेक्कनपर्यंत उतार असतो, पुढे संचेती, बंडगार्डन, नदी ओलांडली की आलंच. संध्याकाळी मात्र नळस्टॉपपासून जो चढ लागतो तो घर येईपर्यंत पाठ सोडत नाही. गिअरची साधी हायब्रीड सायकल आहे. धो धो पाऊस किंवा बाहेरगावची मीटिंग नसेल तर रोज जातो.

वय ४३, उंची ५ फूट ७ इंच. सुरुवातीला वजन ८१ किलो होतं, आता ७८. पण पट्ट्याला आतल्या बाजूला नवी भोकं पाडून घ्यावी लागली. ऑफिसचे चार मजले जिन्याने चढून गेलो की लगेच फोनवर बोलू शकतो; पूर्वी दुसऱ्या मजल्यावरच बोलती बंद व्हायची. झोप गाढ लागते. दुपारी तीनला डोळ्यांवर येणारी झापड गेली.

तरी भेटेल तो एकच विचारतो, "किती किलो उतरलं?" तीन म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. माझं स्पष्ट मत आहे की सायकलचा हिशोब वजनकाट्यावर करणं हा सायकलवर अन्याय आहे. कितीतरी जण महिनाभर चालवतात, काटा हलला नाही म्हणून सायकल जिन्याखाली लावून टाकतात. ते बघून मला खरंच वाईट वाटतं.

तर विचारायचं हे : वजन उतरत नाही यामागे नेमकं काय असतं? काट्याऐवजी काय मोजावं? आणि तुमच्या शरीरात काय बदललं?

बोलघेवडी :
छान धागा. वाचनखूण साठवली. नवऱ्याला वाचायला देते, त्याची सायकल सध्या कपडे वाळत घालायला फार उपयोगी पडतेय.

डॉक्टरीणबाई :
कर्वेपुतळा, अभिनंदन. आधी वजनाचं गणित सांगते, मग मोजण्याचं.

ताशी पंधरा किलोमीटरच्या सायकलिंगला शरीर बसून राहण्याच्या साधारण पावणेसहापट ऊर्जा वापरतं. तुमचं वजन ७८, जाऊन-येऊन बावीस किलोमीटर, म्हणजे दीड तास. बसून राहिला असतात तरी जी ऊर्जा गेली असती ती वजा करायची, सिग्नलला उभं राहण्याचा आणि उतारावर पाय थांबण्याचा वेळही सोडायचा. दिवसाला ४५० ते ५०० कॅलरी जादा जातात असं धरा. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. खाणं अजिबात वाढलं नाही तर सोळा-सतरा दिवसांच्या ये-जाने एक किलो जायला हवा.

पण खाणं वाढतं! भूक लागते, आणि "आज सायकल चालवलीय" म्हणून मन सूटही देतं. एक मिसळ, दोन जादा पाव आणि वर गोड चहा झाला की त्या दिवशीचा हिशोब जवळपास मिटला. शिवाय शरीर हुशार आहे, दमलेला माणूस उरलेल्या दिवसात नकळत कमी हालचाल करतो. पूर्वी उठून पाणी आणायचा, आता मुलाला आणायला सांगतो.

तिसरी गोष्ट, मांड्यांचे स्नायू थोडे वाढतात आणि त्यांत ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंतल्या राखीव साखरेचा, साठाही वाढतो. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलं जातं. म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काही जणांचं वजन उलट किलोभर वाढतं आणि ते घाबरून सोडून देतात. ते वजन चरबीचं नसतं.

आता काय मोजायचं? कंबर. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप न आवळता. बेंबीवर नाही आणि पँट जिथे बसते तिथे तर नाहीच. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि बायकांसाठी ८० ही मर्यादा धरतात. युरोपातल्या लोकांपेक्षा आपली मर्यादा कमी आहे, कारण आपली चरबी पोटात आधी साठते.

चाकोरीबाहेर :
डॉक्टरीणबाईंच्या शेवटच्या मुद्द्यावरून पुण्याचीच गोष्ट आठवली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण तपासणीत युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. सोबत लिहिलंय की एक जण मॅरेथॉन धावतो आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत गाठणं.

दोघंही वजनकाट्यावर 'नॉर्मल'! आपल्याकडच्या बारीक दिसणाऱ्या माणसाला मधुमेह कसा होतो ते या एका फोटोत कळतं. त्यामुळे धाग्याच्या मूळ मुद्द्याला जोरदार अनुमोदन.

मिसळप्रेमी :
डॉक्टरीणबाई, नाव न घेता माझ्याबद्दल लिहिल्याबद्दल आभार. :)

गंभीरपणे सांगायचं तर सकाळी अकराची भूक हा सायकलवाल्यांचा खरा प्रश्न आहे. ऑफिसच्या खाली वडापावची गाडी असेल तर निश्चय टिकत नाही. मी निघण्यापूर्वी एक केळं खातो आणि पोचल्यावर डब्यातली मोडाची मटकी किंवा दोन उकडलेली अंडी. सोबत मीठ घातलेलं ताक. त्याने दीड वाजेपर्यंत निभावतं. मिसळ रविवारी, आणि तीही लांबच्या राइडनंतर. मिसळ सोडा असं मी कुणालाच सांगणार नाही.

आकडेमोड :
कर्वेपुतळा, एका मुद्द्यावर ठाम असहमत. वजनाला इतकं मोडीत काढू नका.

मी १०२ किलो होतो. त्या वजनात "कंबर बघा, दम बघा" एवढं पुरत नाही. गुडघे रोज ते वजन वाहतात, आणि माझ्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड दोन आली होती. यकृतावरची चरबी हटायला वजन सात ते दहा टक्के उतरावं लागतं असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भोसरी ते चिंचवड सायकल सुरू केली. पहिलं जवळपास वर्षभर माझाही काटा जेमतेम हलला. मग भात अर्धा केला, रात्रीचं जेवण साडेसातला आणलं, ऑफिसातल्या चहाची साखर बंद केली. आज ८८ आहे आणि लिव्हर ग्रेड एक.

म्हणजे वजन उतरलं ते ताटामुळे. सायकलने काय केलं? उतरलेलं वजन परत चढू दिलं नाही. याआधीही मी डाएट करून वजन उतरवलं होतं आणि दर वेळी ते व्याजासकट परत आलं. या वेळी आलेलं नाही, आणि बदललेली एकच गोष्ट म्हणजे सायकल. माझ्यासारख्या जाड माणसाला "वजन महत्त्वाचं नाही" हे ऐकायला गोड वाटतं, पण ते त्याच्या हिताचं नाही.

कर्वेपुतळा :
आकडेमोड, मुद्दा मान्य. १०२ ला असताना वजन बघायलाच हवं. माझा आक्षेप एवढाच की *फक्त* वजन बघून सायकलला नापास करू नये. आणि भोसरी-चिंचवड त्या अवजड ट्रकांच्या गर्दीतून? सलाम तुम्हाला.

जुना_खडकीकर :
धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी केली. भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, रस्ता भरून जायचा. तिकडे पिंपरीला टेल्को आणि बजाजच्या पाळीलाही तसंच. काळ्या, बावीस-चोवीस इंची, बिनगिअरच्या सायकली. हँडलला डबा, मागे कॅरिअरला पिशवी. सायकलला पालिकेचा बिल्ला लागायचा. रात्री दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडायचा, मग घरापर्यंत हातात धरून चालत. डबलसीट दिसली तरी तेच.

वजन कोण मोजत होतं? रेल्वे स्टेशनवर लाल-पिवळे दिवे लुकलुकणारं यंत्र असायचं, नाणं टाकलं की जाड पुठ्ठ्याचं तिकीट यायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. गावाला जाताना वर्षा-दोन वर्षांतून एकदा तेवढंच. पण आमच्या खात्यात पोट सुटलेला माणूस शोधावा लागे. पुढे सोसायटीचं कर्ज काढून स्कूटर घ्यायची लाट आली, तेव्हा दोन-तीन वर्षांत एकेकाची पोटं माझ्या डोळ्यांसमोर सुटली. जेवण तेच होतं, डबा तोच. सायकल तेवढी गेली होती.

मी सायकल सोडली नाही. आज एकाहत्तर वय आहे. रोज सकाळी होळकर पुलावरून पलीकडे जाऊन येतो. झोपेतून उठल्यावर नाडी छप्पन्न असते. जुन्या काळात सगळं चांगलं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. बरेच सहकारी तंबाखूने गेले, त्यांना सायकलही वाचवू शकली नाही.

बोलघेवडी :
काका, सविस्तर लिहा हो अजून. टायपिंगची चिंता करू नका.

चाकोरीबाहेर :
जुना_खडकीकर काकांचं स्कूटरचं निरीक्षण अगदी शास्त्रीय आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी हेच दुमजली बसवर पाहिलं होतं. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली. एकाच कंपनीतली, सारख्या घरांतून आलेली माणसं. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा बराच कमी आणि झालाच तर उशिरा. हे १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं.

पुढची गंमत या धाग्यासाठी महत्त्वाची आहे. लोक म्हणाले, जाड माणसं ड्रायव्हर होत असतील! मॉरिसनी मग गणवेशाच्या पँटच्या मापांची नोंद मिळवली. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच मोठ्या निघाल्या. पण बारीक कंडक्टर विरुद्ध बारीक ड्रायव्हर, जाड कंडक्टर विरुद्ध जाड ड्रायव्हर अशी तुलना केली तरी कंडक्टरच सरस. म्हणजे वजन तेच असलं तरी हालचालीचा फायदा वेगळा मिळतो.

घामाघूम_ठाणे :
आमच्या मुंबईतल्या बेस्टच्या दुमजली बसच्या कंडक्टरचाही अभ्यास व्हायला हवा होता. गर्दीतून वर जाऊन तिकिटं फाडून परत खाली, तेही मे महिन्यात!

इकडे ठाण्यात माझा प्रश्न वेगळाच आहे. अंतर फक्त सहा किलोमीटर, पण दमट हवेत घाम असा येतो की लिफ्टमध्ये लोक सरकून उभे राहतात. त्यामुळे मी काय करतो ते लिहितो, कुणाला उपयोग झाला तर. पाठीवर सॅक घ्यायची नाही, मागच्या कॅरिअरला बॅग लावायची. पाठ मोकळी राहिली की निम्मा घाम कमी. सोमवारी बसने जातो तेव्हा आठवड्याचे इस्त्रीचे शर्ट ऑफिसात नेऊन ठेवतो. पोचल्यावर लगेच कपडे बदलायचे नाहीत. दहा मिनिटं पंख्याखाली बसायचं, घाम थांबू द्यायचा, मग ओल्या पंचाने अंग पुसायचं. लगेच बदलला तर दुसरा शर्टही भिजतो.

फिटनेसचं म्हणाल तर सहा किलोमीटरने वजनात काहीच फरक नाही. रक्तदाब मात्र १४२/९२ वरून १२८/८२ च्या आसपास स्थिरावलाय. मीठ कमी केलंय, त्याचाही त्यात वाटा असेल.

निशिगंधा_नाशिक :
बायकांच्या बाजूनेही लिहायला हवं म्हणून.

मी शाळेत शिकवते. घर ते शाळा सात किलोमीटर, नाशिक तसं सपाट, फक्त वाटेतला उड्डाणपूल चढावा लागतो. सुरुवातीला तो चढताना छातीत धडधड व्हायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. घरचे म्हणाले, "वय झालं, सोड." मैत्रीण म्हणाली, "सवय होईल." दोन महिने झाले तरी सवय होईना. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन नऊ. बायकांचं बारा तरी हवं. लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर आणि जेवणानंतरचा चहा बंद, कारण चहाने लोह कमी शोषलं जातं. हिमोग्लोबिन बाराच्या जवळ गेलं आणि तोच पूल बसल्या-बसल्या पार होऊ लागला.

मैत्रिणींनो, दम लागतो म्हणून स्वतःला आळशी समजू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. आपल्यातल्या निम्म्याहून जास्त जणी अपुऱ्या रक्तावर घर, नोकरी आणि स्वयंपाक ओढतात. आधी रक्त तपासा, मग स्टॅमिन्याचं बोला.

वजनाचं विचाराल तर थायरॉइडची गोळी चालू आहे, वजन जवळपास तेवढंच. पण पाचवीच्या वर्गाबरोबर पांडवलेणी चढले, मुलांच्या आधी वर पोचले. मुलं अजून त्याबद्दल बोलतात.

डॉक्टरीणबाई :
निशिगंधा, हा प्रतिसाद मी माझ्या रुग्णांना वाचून दाखवणार आहे. शंभर टक्के सहमत.

साखळीतेल :
सायकल दुरुस्तीचं दुकान आहे माझं. धाग्यावर अजून गुडघ्यांचा विषय निघाला कसा नाही? माझ्याकडे येणारी अर्धी माणसं गुडघा दुखतो म्हणून सायकल विकायला येतात.

दहांतल्या सातांची सीट खाली असते. पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत असा आपल्याकडे हट्ट असतो. मग पेडल वर येतं तेव्हा गुडघा छातीकडे येतो आणि वाटीवर ताण पडतो. सोपी पद्धत सांगतो. भिंतीला धरून सीटवर बसा, पेडल सगळ्यात खाली न्या, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. मग नेहमीसारखा पंजा पेडलवर ठेवला की गुडघ्यात थोडासा बाक राहतो, तेवढा बरोबर. दुखणं गुडघ्याच्या पुढे असेल तर सीट बहुतेक खाली आहे, गुडघ्याच्या मागे असेल तर वर आहे. एका वेळी अर्धा सेंटीमीटरच हलवा आणि चार दिवस चालवून बघा.

दुसरं, जड गिअर टाकून रेटू नका. हलका गिअर टाका आणि पाय भरभर फिरू द्या, मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे. त्यात दम लागतो, गुडघा वाचतो. जड गिअरमध्ये व्यायाम जास्त होतो हा समज डोक्यातून काढा.

मिसळप्रेमी :
साखळीतेल दादा, टायरमध्ये हवा कमी ठेवली तर जोर जास्त लागेल, कॅलरी जास्त जातील, नाही का? :)

साखळीतेल :
जातील ना. आणि पहिल्याच खड्ड्यात रिम ट्यूबला चावेल, शेजारी-शेजारी दोन भोकं पडतील, मग सायकल हातात धरून चालाल. त्यात अजून कॅलरी जातील. दुकानात या, दोन्ही पंक्चर काढून देतो.

विदर्भवारा :
नागपूरकरांकडून एक सूचना. एप्रिल-मे मध्ये सकाळी आठनंतर सायकलवर फिटनेस कमावायच्या भानगडीत पडू नका. पारा ४५ ला जातो तेव्हा ऊन व्यायाम बघत नाही. आम्ही साडेपाचला निघतो, डोक्याला ओला दुपट्टा, वरून हेल्मेट. परतीचं ऊन टाळता येत नसेल तर सायकल ऑफिसात ठेवून सिटी बसने या.

साशंक :
सगळं छान चाललंय, पण कुणी धुराबद्दल बोलेल का? कर्वे रोडच्या सिग्नलला बसच्या मागे उभं राहून दीर्घ श्वास घ्यायचे आणि त्याला तब्येत सुधारणं म्हणायचं? गाडीत काच लावून बसलेला माणूस माझ्या मते जास्त सुरक्षित आहे. अपघाताचं तर बोलतच नाही.

कोपनहेगनवासी :
साशंक, प्रश्न रास्त आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली याचा हिशोब मांडला होता. हवेतले सूक्ष्म कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असतील तर रोज दीड तासापर्यंतच्या सायकलिंगमध्ये फायदा तोट्यापेक्षा मोठा राहतो. त्यापुढे पारडं फिरतं. जगातली बहुतेक शहरं या पातळीच्या खाली आहेत, दिल्लीचा हिवाळा हा अपवाद. म्हणजे तुमच्या-आमच्या रोजच्या ये-जाला धुरामुळे सोडून द्यायचं कारण नाही, पण गल्ल्यांतून जाता येत असेल तर हमरस्ता टाळावा आणि सिग्नलला बसच्या धुराड्यामागे न थांबता पुढे जाऊन उभं राहावं.

कर्वेपुतळांच्या मूळ प्रश्नाबद्दल : इथे कोपनहेगनमध्ये वजन जास्त असलेल्या लोकांवर एक प्रयोग झाला, निष्कर्ष २०१८ ला आले. एका गटाने सहा महिने कामावर सायकलने जायचं, दुसऱ्यांनी जिममध्ये मध्यम किंवा जोरकस व्यायाम करायचा, एका गटाने काहीच नाही. खाणं कुणालाच बदलायला सांगितलं नव्हतं. सायकल गटाची सरासरी सुमारे चार किलो चरबी गेली, जिममध्ये जोरकस व्यायाम करणाऱ्यांच्या बरोबरीने. वजन नव्हे, चरबी मोजली होती हे लक्षात घ्या. आणि ही माणसं व्यायामासाठी वेगळा वेळ काढत नव्हती, नुसती कामावर जात होती. मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे. जिमची फी भरून फेब्रुवारीत बंद करणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. ऑफिसला तर जावंच लागतं.

इथे वाऱ्याची कटकट फार. डोंगर नाहीत, पण समोरून वारा आला की चढच असतो. बाकी सोयींबद्दल काय सांगू, नोरेब्रो भागाच्या मुख्य रस्त्यावर ताशी वीसच्या वेगाने गेलात तर सकाळी एकामागोमाग एक हिरवे सिग्नल मिळतात, तसेच लावलेत.

बोलघेवडी :
सायकलवाल्यांसाठी हिरवे सिग्नल! इथे आमच्या भागातल्या सायकल ट्रॅकवर पाणीपुरीची गाडी, दोन चारचाकी आणि एक रोहित्र आहे. आणि सायकलवाला रस्त्यावर आला की हॉर्न.

विदर्भवारा :
ट्रॅकवर पाणीपुरी असेल तर काटा हलणार कसा!

साशंक :
कोपनहेगनवासी, धुराचा मुद्दा पटला. पण "सायकलने जाणारे जास्त जगतात" अशा बातम्या येतात त्यांवर माझा विश्वास नाही. जे मुळात धडधाकट असतात तेच सायकल चालवतात.

डॉक्टरीणबाई :
साशंक, तुमची शंका संशोधकांनाही होती. ब्रिटनमधल्या २ लाख ६३ हजारांहून जास्त लोकांचा पाच वर्षं मागोवा घेतला, तो अभ्यास २०१७ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आला. सायकलने कामावर जाणाऱ्यांत मृत्यूचा धोका ४१ टक्के कमी दिसला. धूम्रपान, आहार, आधीचे आजार, वय, आर्थिक स्थिती हे सगळं हिशोबात धरूनसुद्धा. तरी हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, सगळं श्रेय सायकलचं असं कुणी शपथेवर सांगणार नाही. पण कोपनहेगनचा प्रयोग चिठ्ठ्या टाकून गट पाडून केलेला होता, मॉरिसचे कंडक्टर वेगळ्या देशकाळातले होते, आणि सगळे एकाच दिशेला बोट दाखवतात. डॉक्टर म्हणून मला एवढं पुरतं.

एक उणीव सांगायलाच हवी, कारण इथे सायकलचं कौतुकच चाललंय. सायकलवर शरीराचं वजन सीट पेलते, त्यामुळे हाडांना बळकटी फारशी मिळत नाही. खांदे, दंड, पाठ यांनाही व्यायाम कमी. चाळिशीनंतरच्या बायकांनी हे विशेष लक्षात ठेवावं. आठवड्यातून दोन दिवस बैठका, जोर, सूर्यनमस्कार किंवा वजनं, आणि रोज थोडं चालणं. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम आणि शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. सायकलने पहिली अट सहज पुरी होते. दुसरी होत नाही.

कर्वेपुतळा :
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे टेपने मोजलं : ९३ सेंटीमीटर. सुरुवातीचं योग्य जागेचं माप नाही, पण पट्ट्याच्या भोकांवरून शंभरच्या आसपास असावं. म्हणजे अजून ९० गाठायचं आहे. सकाळी अंथरुणातच नाडी मोजली, ६४. ऑफिसच्या तपासणीत दोन वर्षांपूर्वी ७८ लिहिली होती, ती दुपारची होती, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कंबर आणि नाडी लिहून ठेवणार. वजनही लिहीन, आकडेमोड यांच्या आग्रहाखातर.

साखळीतेल, तुमची टाचेची पद्धत करून बघितली. सीट दोन बोटं खाली होती. काल नळस्टॉपचा चढ पहिल्यांदाच न कुरकुरता चढलो.

आकडेमोड :
शाब्बास. आता रात्रीच्या भाताचं काय ते बोला.

नवा_सदस्य_औंध :
इथे पहिल्यांदाच लिहितोय. वय ५२, आठ वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू. ऑफिस विश्रांतवाडीला. कॉलेजनंतर सायकलला हात लावलेला नाही. हा धागा पूर्ण वाचला आणि खूप इच्छा झाली आहे, पण भीतीही वाटते. सुरू करू का? की उशीर झाला?

डॉक्टरीणबाई :
अजिबात उशीर झालेला नाही. आधी तुमच्या डॉक्टरांना सांगा आणि ईसीजी, डोळ्यांचा पडदा, पाय एवढं तपासून घ्या. गोळ्यांत ग्लिमेपिराइड किंवा तशी एखादी असेल, किंवा इन्सुलिन असेल, तर व्यायामाने साखर एकदम खाली जाऊ शकते. मेटफॉर्मिन एकटीच असेल तर तो धोका फार कमी. निघण्यापूर्वी ग्लुकोमीटरवर ९० च्या खाली दिसलं तर काहीतरी खाऊन निघा. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखरेची पुडी हवीच. हात थरथरले, दरदरून घाम आला, गोंधळल्यासारखं झालं तर लगेच उतरा आणि ती खा. चप्पल घालून चालवू नका, बंद बूट घाला. घरी आल्यावर तळपाय बघा, फोड आलाय का.

आणि पहिल्याच आठवड्यात ऑफिस गाठायला जाऊ नका. आधी सुट्टीच्या दिवशी सकाळी, रिकाम्या रस्त्यावर, वीस मिनिटं.

जुना_खडकीकर :
औंधहून विश्रांतवाडीला जायचं म्हणजे तुम्हाला आमच्या खडकीवरूनच जावं लागणार. एकटे नका काढू सायकल पहिल्या दिवशी. येत्या रविवारी सकाळी सहाला होळकर पुलाच्या अलीकडे मी उभा असतो. रस्ता दाखवतो, कुठे खड्डे आहेत, कुठे बस अंगावर येते ते मला पाठ आहे. डॉक्टरांना विचारून या मात्र.

नवा_सदस्य_औंध :
काका, उद्याच डॉक्टरांची वेळ घेतो. ते हो म्हणाले तर नक्की येतो. मुलाची सायकल आहे, तीच आणू का?

साखळीतेल :
आणा. रविवारी दुकान दहाला उघडतो, सहाला मीही येतो पुलापाशी. सीट तिथेच बसवून देऊ. पाना आणि पंप आणतो.